चुळीपुरते पाणी

आपल्या घरांत पाण्याचा हिशेब फार जुना आहे. पाणी गाळून घ्यावे, उकळून घ्यावे, लागेल तेवढेच भांड्यात ओतावे, उरलेले उगाच सांडू नये, हे आपल्याकडे मुलांना अक्षरओळख होण्याच्या आधी शिकवले जाते. तुपाचा डबा आणि पाण्याचा माठ यांना सारख्याच जपणुकीने हाताळणाऱ्या बायका मी सासरी पाहिल्या. अशा घरातल्या बाईने चुळीपुरत्या पाण्यावर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. परंतु दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते अर्धी वाटी पाणी औषधाचाच एक भाग असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा त्याचा उल्लेख नसतो, औषधाच्या दुकानात त्याचे बिल होत नाही, म्हणून ते राहून जाते. ते राहून गेल्यावर काय घडते, हे मी घरात फार जवळून पाहिले, आणि म्हणूनच हा विषय आपल्या कुटुंबांपुढे मांडावासा वाटतो.

व्यापारी घर आणि दमा यांची ओळख तशी जुनीच. आमचे घर बार्शीचे, व्यवसाय भुसाराचा. खाली गोदाम आणि वर राहणे, अशी जुन्या पेठेतली रचना. ज्वारी, तूर, उडीद यांची पोती उघडली, चाळणीवर माल घातला, हमालांनी थप्पी हलवली, की उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगताना दिसे, आणि ती जिन्याने वरच्या घरात येई. ज्यांचा हळद-मिरचीचा व्यापार आहे त्यांना हे सांगायला नको. कापडाच्या दुकानातली बारीक तूस, पिठाच्या गिरणीतला पांढरा धुरळा, बंद गोदामातला दमट वास, ही सगळी आपल्या उपजीविकेची अंगे आहेत. दमा केवळ धुळीनेच होतो असे नाही. तो घराण्यातून येतो, लहानपणापासून असतो, कधी उतारवयातही पहिल्यांदा दिसतो. मात्र ज्याची श्वासनलिका मुळात हळवी आहे, त्याला ही धूळ डिवचते, एवढे खरे.

पूर्वी दम्यावर उपाय म्हणजे गोळ्या, इंजेक्शने आणि रात्रभर उशीला टेकून बसणे. फवाऱ्याच्या पंपाची गोष्ट त्या मानाने अलीकडची आहे. अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले, की केसांवर मारायचा फवारा डब्यात भरून मिळतो, तसे माझे औषध का मिळत नाही? त्या प्रश्नातून १९५६ साली ठरावीक मात्रेचा पहिला पंप बाजारात आला. त्यातले औषध श्वासनलिका तात्पुरती मोकळी करणारे होते. श्वासनलिकेची आतली सूज उतरवणारे स्टेरॉइड फवाऱ्यातून देण्याची सोय पुढे १९७२च्या सुमारास झाली. बेक्लोमेथासोन हे त्यातले पहिले यशस्वी औषध. नंतर बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन वगैरे आली, आणि आज आपल्या गावोगावच्या दुकानांत ती मिळतात.

‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकताच आपल्याकडे घरातली मोठी माणसे दचकतात. त्या भीतीला हिशेबाने उत्तर देता येते. तोंडाने घ्यायच्या प्रेडनिसोलोनच्या एका लहान गोळीत पाच मिलिग्रॅम म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम औषध असते. फवाऱ्याच्या एका मात्रेत साधारण शंभर किंवा दोनशे मायक्रोग्रॅम असते. दोन्ही औषधे एकच नव्हेत, त्यामुळे ही तुलना अगदी तंतोतंत नाही. तरीही क्विंटलाने तोलायचा माल आणि तोळ्याने तोलायचा माल यांतला फरक व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात हिंडते. फवारा जिथे दुखणे आहे तिथेच थोडेसे औषध नेऊन ठेवतो. म्हणूनच दम्याच्या रोजच्या उपचारात पंपाला पहिले स्थान आहे.

पण या व्यवहारात एक तूट आहे. पंपातून निघालेले सगळे औषध छातीत पोहोचत नाही. फवारा वेगाने बाहेर पडतो, तोंडातून घशाकडे वळण घेताना त्यातले जड कण वळू शकत नाहीत आणि जीभ, टाळू, घसा यांवर आदळून तिथेच बसतात. नुसता पंप तोंडाला लावून घेतला, तर औषधाचा मोठा भाग असा वाटेतच राहतो. भुकटीच्या पंपातही, म्हणजे ज्यात कॅप्सूल घालून जोराने ओढायचे असते त्यात, हेच घडते. छातीत गेलेले औषध काम करते आणि तोंडात राहिलेले औषध नको ते काम करते.

आपल्या सर्वांच्या तोंडात कॅन्डिडा नावाची बुरशी अल्प प्रमाणात असू शकते. निरोगी माणसाच्या तोंडातली संरक्षणव्यवस्था आणि लाळ तिला मर्यादेत ठेवतात. स्टेरॉइडचे कामच मुळी सूज आणि प्रतिकार शमवण्याचे. ते छातीत हवेसे असते, पण तोंडाच्या अस्तरावर रोज साचू लागले, तर तिथला पहाराही ढिला पडतो आणि बुरशी पसरते. जिभेवर, गालांच्या आतल्या बाजूस, टाळूवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके उमटतात. पुसले तर निघतात, पण खाली लालभडक, हुळहुळणारी जागा राहते. जेवणाची चव जाते, साधे वरणही झोंबते. याखेरीज औषधाच्या परिणामाने आवाज घोगरा होतो, घसा खवखवतो. मधुमेह असलेल्यांना, कवळी वापरणाऱ्यांना, नुकतीच प्रतिजैविके घेतलेल्यांना आणि ज्यांचे तोंड सतत कोरडे असते त्यांना हा त्रास अधिक होतो. या चारांपैकी दोन-तीन गोष्टी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांत एकत्र सापडतात.

माझ्या सासूबाईंना आम्ही ‘बाई’ म्हणत असू. त्या बहात्तर वर्षांच्या असताना त्यांना पंप सुरू झाला. थंडीचे दिवस होते. चिठ्ठीवर लिहिले होते, ‘सकाळी दोन, रात्री दोन.’ पंप कसा दाबायचा हे दुकानातल्या मुलाने काउंटरवर अर्ध्या मिनिटात दाखवले. चूळ भरण्याबद्दल त्या दिवशी कोणी एक शब्द बोलले नाही. खोक्यातल्या कागदावर ते बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते, पण बाईंचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे.

बाईंचा चौविहार चाळीस वर्षांचा. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, सुपारी-बडीशेपसुद्धा नाही. सकाळी नवकारसी झाल्यावरच तोंडात पाणी. या नियमात त्यांनी लेकी-सुनांची बाळंतपणे सांभाळली, आजारपणे काढली, प्रवास केले. रात्रीच्या पंपाविषयी त्यांनी स्वतःशी विचार करून ठेवला होता. औषध वाऱ्यासारखे आत जाते, ते पोटात जात नाही, तेव्हा त्याची हरकत नाही. पाण्याची गोष्ट वेगळी. त्यामुळे प्रतिक्रमण आटोपले, अंथरूण घातले, की त्या पंप घेत आणि तशाच झोपत.

फाल्गुनापर्यंत दम पुष्कळ बरा झाला. जिना चढताना थांबणे गेले. पण चैत्रात त्यांचा आवाज बसू लागला. पाठशाळेत लहान मुलांना स्तोत्रे शिकवणे हा त्यांच्या दिवसातला आनंदाचा तास. मुले म्हणू लागली, आजीचा आवाज कागद फाटल्यासारखा येतो. मग जेवणाच्या तक्रारी सुरू झाल्या. मिरची न घातलेली मुगाची खिचडी त्यांना तिखट लागे. कोणी पित्त म्हणाले, कोणी उष्णता. ज्येष्ठमध झाले, तूप लावून झाले. शेवटी बाईंनी स्वतःच निदान केले, की पंप गरम पडतो. वैशाखाच्या अखेरीस त्यांनी तो कपाटात ठेवून दिला. दम आता नाही, मग औषध कशाला, असे त्यांचे म्हणणे.

इथे वाचकांनी क्षणभर थांबावे असे मला वाटते, कारण हे केवळ आमच्याच घरी घडले असे नाही. स्टेरॉइडचा पंप दम लागल्यावर घ्यायचा नसतो. दम लागू नये म्हणून तो रोज घ्यायचा असतो. तो बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच घडत नाही, आठवडाभर काही जाणवत नाही, आणि माणसाला वाटते की औषधाची गरजच नव्हती. आत मात्र सूज हळूहळू परतत असते. बाईंच्या बाबतीत पहिल्या पावसाने तिला तोंड फोडले. आषाढातल्या एका रात्री दोन वाजता त्यांना बोलताही येईना. एकेका शब्दासाठी त्या थांबत होत्या. ओठ काळवंडले होते. दवाखान्यात नेऊन वाफेच्या यंत्रातून औषध आणि प्राणवायू दिला, तेव्हा पहाटे श्वास खाली बसला.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी बॅटरीने बाईंचे तोंड पाहिले आणि विचारले, “आजी, पंप घेतल्यावर चूळ भरता का?” सात महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जात होता. बाई म्हणाल्या, “चौविहार आहे माझा. दिवस मावळल्यावर तोंडात पाणी घेत नाही.” डॉक्टर आपल्या समाजाचे नव्हते, पण त्यांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, “मग दिवस असतानाच घ्या की पंप. चिठ्ठीत रात्री लिहिलंय ते दोन वेळांत अंतर राहावं म्हणून. झोपतानाच घ्यायला हवा असं काही नाही.” नंतर आणखी एक वाक्य ते सहज बोलून गेले: “आणि आजी, चूळ न भरता झोपलात तर तोंडातलं औषध रात्रभर थुंकीबरोबर पोटातच जातं.”

या वाक्याने बाई विचारात पडल्या. इतके दिवस त्या ज्याला वारा समजत होत्या, त्याचा मोठा भाग जिभेवर बसून राहत होता आणि लाळेबरोबर गिळला जात होता. पोटात काही जाऊ नये म्हणून त्या चूळ टाळत होत्या, आणि चूळ टाळल्यामुळेच ते पोटात जात होते. बरे वाटू लागल्यावर त्यांनी ही सगळी हकीकत स्थानकात जाऊन महासतीजींपुढे मांडली. औषधाच्या वेळा बदलता येतात का, हा महासतीजींचा पहिला प्रश्न होता. येतात, असे बाईंनी सांगितल्यावर नियमाला बाधा येण्याचा प्रश्नच उरला नाही. सकाळचे दोन फवारे नवकारसीनंतर, संध्याकाळचे दोन सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाआधी, दोन्ही वेळा मागोमाग चूळ. उन्हाळ्यात दोन वेळांमध्ये जवळजवळ बारा तास पडतात. हिवाळ्यात दिवस लहान असल्याने दिवसाचे अंतर दहा तासांवर येते. एवढा फरक चालेल, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले. प्रत्येकाचे औषध वेगळे असते, म्हणून प्रत्येकाने हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारूनच वेळ ठरवावी.

तोंडातल्या बुरशीवर क्लोट्रिमॅझोलचे थेंब लावायला दिले होते. आठवड्याभरात झोंबणे थांबले, ठिपके गेले. आवाज परतायला मात्र अधिक काळ लागला, कारण घोगरेपणा दर वेळी बुरशीमुळेच असतो असे नाही. स्वरयंत्रावर थेट साचणाऱ्या औषधानेही तो येतो, आणि चुळीचे पाणी तिथवर पोहोचत नाही. त्यासाठी उपयोगी पडला तो स्पेसर. पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची ही प्लास्टिकची पोकळ नळी काहीशे रुपयांत मिळते. फवारा आधी नळीत उतरतो, जड कण तिच्या भिंतींना चिकटून राहतात आणि हलके कण संथ श्वासाबरोबर छातीत जातात. तोंडात कमी साचते आणि छातीत अधिक पोहोचते. पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांची वेळ ज्यांना साधत नाही, त्या वृद्धांना आणि मुलांना तर ती फारच सोयीची. पर्युषणात बाईंनी पुन्हा मुलांपुढे बसून स्तोत्र म्हटले. आवाज पहिल्यासारखा खणखणीत नव्हता, पण शेवटच्या ओळीपर्यंत टिकला.

बाईंच्या निमित्ताने मी पुढे जे विचारून घेतले, वाचून घेतले, ते थोडक्यात सांगते. चूळ भरणे म्हणजे घोटभर पाणी तोंडात फिरवून गिळणे नव्हे. गिळले तर हेतूच फसतो. पंप घेतल्यावर लगेच साधे पाणी तोंडात घ्यावे, दोन्ही गालांत खळखळवावे, मान मागे करून घशात गुळणी करावी आणि थुंकून टाकावे. असे दोन-तीन वेळा करावे. महागडे माउथवॉश लागत नाही. ज्यांचा उकळलेल्या पाण्याचा नियम आहे, त्यांनी तेच कोमट किंवा थंड झालेले पाणी वापरावे. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे पंपाची वेळ दात घासण्याला जोडणे. आधी पंप, मग दात आणि जीभ घासणे. चौविहार करणाऱ्यांनी संध्याकाळचे दात घासणेही सूर्यास्तापूर्वी उरकले, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात. पंपाचा डबा घडवंचीवर न ठेवता ब्रशशेजारी ठेवला, की विसरणे कमी होते.

दातांचाही इथे संबंध आहे. श्वासनलिका मोकळी करणारी काही औषधे लाळ कमी करतात, आणि लाळ कमी झाली की दात किडण्याचा धोका वाढतो. भुकटीच्या पंपांत औषधाला आधार म्हणून बहुधा लॅक्टोज ही दुधातली साखर मिसळलेली असते, आणि तिचे कण दातांवर राहतात. चुळीने तेही धुऊन जाते. दर वर्षी दंतवैद्याकडे जाताना आपण पंप वापरतो हे आवर्जून सांगावे. कवळी असेल तर ती काढून चूळ भरावी, कवळी वेगळी घासावी आणि रात्री काढून ठेवावी. बुरशीला कवळीच्या प्लास्टिकला चिकटून राहणे आवडते, त्यामुळे तोंडाला औषध लावले आणि कवळी तशीच ठेवली, तर दुखणे परत येते. बुरशी बरी झाल्यावर दाताचा ब्रशही बदलावा.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थेंब घालून धुवावा आणि न पुसता वाळू द्यावा. कपड्याने पुसल्यास प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटते. भुकटीचे यंत्र धुतले तर पूर्ण कोरडे झाल्याशिवाय वापरू नये, कारण ओलाव्याने भुकटीचे गोळे होतात. लहान मुलांना गुळणी जमत नसेल तर पाणी पाजून किंवा स्वच्छ ओल्या फडक्याने तोंड आतून पुसून घ्यावे. मुखवट्याने औषध देत असल्यास चेहराही धुवावा.

पांढऱ्या डागांविषयी एक सावधगिरी. पुसून निघणारा डाग बुरशीचा असण्याची शक्यता असते. जो डाग पुसला जात नाही, दोन-तीन आठवड्यांत जात नाही, तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे, विशेषतः ज्यांना सुपारी किंवा तंबाखूची सवय आहे किंवा होती त्यांनी. गिळताना छातीत दुखत असेल तर तेही लगेच सांगावे, कारण बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. मात्र यांपैकी काहीही झाले तरी पंप आपल्या मनाने बंद करू नये. तोंडाचा त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होतो. बंद पडलेल्या औषधामुळे आलेला झटका जिवावर बेतू शकतो.

आता दोन प्रश्न राहतात, आणि दोन्ही आपल्या समाजाचे आहेत. पहिला व्रतांचा. पर्युषणात कोणी आठ दिवसांची तपश्चर्या करते, कोणी चौविहार उपवास करते. अशा वेळी पंपाचे काय, हा प्रश्न पच्चक्खाण घेण्याच्या क्षणी उद्भवू देऊ नये. तो महिनाभर आधी डॉक्टरांना आणि गुरूंना, दोघांनाही विचारावा. आपल्या पच्चक्खाणाच्या पाठातच ‘आगार’ सांगितलेले आहेत. नकळत तोंडात काही गेले, अचानक काही पडले, याचा विचार पूर्वाचार्यांनी केला. तीव्र पीडेत मनाची समाधी ढळू नये म्हणून औषधाचाही विचार केला. ज्या परंपरेने नियम आखताना माणसाच्या देहाची अशक्तता इतक्या बारकाईने लक्षात घेतली, तिच्या नावाखाली कोणी आपला श्वास धोक्यात घालावा, हे त्या आचार्यांनाही रुचले नसते, असे मला वाटते. आणि रात्री खरोखर झटका आला, तर मोकळे करणारा पंप त्या क्षणी घेणे आणि दवाखाना गाठणे यांत विलंब नको. तिथे सूर्योदयाची वाट पाहणे नाही.

दुसरा प्रश्न संकोचाचा. आपल्याकडे लग्नाच्या मुलीचा पंप अजूनही पर्समध्ये तळाशी ठेवला जातो. स्थळ येईल तेव्हा खोकू नको, असे तिला सांगितले जाते. सासरी गेल्यावर ती दार लावून घाईघाईत पंप घेते. चूळ भरायला न्हाणीघरात वारंवार गेले तर कोणी विचारील, म्हणून तशीच बाहेर येते. दुकानावर बसणाऱ्या तरुणांचेही तेच. गादीवर गिऱ्हाईक असते, म्हणून ते गाडीत किंवा माडीवर जाऊन दोन फवारे ओढतात आणि परत येऊन हिशेबाला बसतात. लपवून घेतलेल्या औषधाला चूळ नसते. तोंड येते, मग औषध सुटते, आणि मग तेच दुखणे चारचौघांत उघडे पडते. चष्मा लावताना आपण दार लावून घेत नाही. पंप घेणाऱ्याला तेवढीच मोकळीक घरात आणि दुकानात मिळाली, तर निम्मे काम होईल. गल्ल्याशेजारी पाण्याची एक बाटली ठेवायला जागा लागते ती किती?

बाई त्यानंतर सहा वर्षे जगल्या. त्यांचा चौविहार अखेरपर्यंत सुटला नाही आणि पंपही सुटला नाही. संध्याकाळच्या जेवणाआधी त्या ओट्यावर पितळेचा लहान गडू भरून ठेवत. नातवंडांनी तो हलवला तर रागवत. त्यांच्या मागे माझ्या धाकट्या मुलाला पंप सुरू झाला, तेव्हा त्याला कोणी काही शिकवावे लागले नाही. आजी काय करत असे, ते त्याने पाहिले होते.

या अंकाचे वाचक बहुतेक चातुर्मासाच्या तयारीत असतील. ज्या घरात कोणाला पंप आहे, त्यांनी या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात, एवढीच विनंती. त्या माणसाला पंप कसा घेतोस ते करून दाखवायला सांगावे. बॅटरी घेऊन त्याचे तोंड एकदा पाहावे. आणि त्याच्या औषधाच्या वेळा, व्रतांच्या वेळा एकाच कागदावर मांडून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. हिशेब मांडणे आपल्याला अवघड नाही, आणि चुळीपुरते पाणी कोणाच्याही घरात कमी नाही.